जुबैलमध्ये कापलेली वेणी

माझ्या केसांवर कुणी बोललेलं मला खपत नाही. लग्नानंतर सासूने एकदा बोलून पाहिलं, पुन्हा बोलली नाही. लांब ठेवीन, कापीन, पांढरे झाले तरी रंगवणार नाही, तो माझा प्रश्न. लोक म्हणतात, बाई तिरसट आहे. असेन. पण त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती मला लहानपणी अर्धीच सांगितली गेली होती.

आम्ही तेव्हा सौदीत, जुबैलला राहायचो. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. बाबा एका प्लांटवर पाइप फिटरांचे फोरमन होते. जुन्या बाजाराच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्यात बाबा, अम्मा, मी आणि माझी धाकटी बहीण. मी आठवीत, इंडियन शाळेत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाकी जगाशी हिंदी, आणि अरबी शाळेत शिकवायचे म्हणून. बाबांना अरबी कामापुरतीच येई: यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, आणि कामावर ठेवणाऱ्या कफीलसमोर मान हलवणं.

इराकची फौज कुवेतमध्ये शिरली आणि आमचे वर्ग रिकामे व्हायला लागले. ज्यांना जमलं त्यांनी बायकामुलं भारतात पाठवली. शिक्षकही गेले. उरलेले दोन-तीन वर्ग एकत्र बसवायचे, मग शिकवायचं काय? आमच्या हिस्ट्रीच्या मिस गोव्याच्या होत्या, मऊ बोलणाऱ्या, एकट्या. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि रोज थोडी थोडी एक गोष्ट सांगायला घेतली.

गोष्ट फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याच्या पोरीची होती, पाच-सहाशे वर्षांपूर्वीची. तिचं नाव मिसने कधी फळ्यावर लिहिलं नाही, आणि गोष्ट सांगताना मधूनमधून दाराकडे बघायच्या. असं का, ते तेव्हा कळलं नाही. पोर आमच्याच वयाची, सूत कातणारी, लिहितावाचता न येणारी. शत्रूने अर्धा देश घेतलेला, राजपुत्र कुठल्याशा वाड्यात हातावर हात ठेवून बसलेला. बापाच्या बागेत उभी असताना तिला आवाज ऐकू यायला लागले, की जा, त्याला सोडव, त्याला राजा कर. ती गावाजवळच्या किल्लेदाराकडे गेली. त्याने सांगितलं, हिच्या कानफटात द्या आणि हिला बापाकडे नेऊन सोडा. ती पुन्हा गेली. केस कापले, पुरुषाचे कपडे घातले, घोड्यावर बसली. फौज तिच्यामागे चालायला लागली. खांद्यात बाण घुसला तरी मागे फिरली नाही, वेढा उठवला, आणि ज्याला कुणी राजा मानत नव्हतं त्याचा राज्याभिषेक करवला.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल? लढाई नाही. राज्याभिषेकाला तिचा बाप गावाहून आला होता, ते. त्या बापाला म्हणे आधी स्वप्न पडलं होतं की आपली पोर शिपायांबरोबर निघून जाणार. आणि तो पोरांना म्हणाला होता, तसं झालं तर तुमच्या बहिणीला पाण्यात बुडवा. तोच बाप आता गर्दीत उभा राहून राजाशेजारी उभ्या पोरीकडे बघत होता. मी त्या बापाच्या जागी आमच्या बाबांना उभं केलं होतं. त्यांच्या कामावरच्या निळ्या डांगरीत.

मिस म्हणाल्या, गोष्ट अजून संपली नाही, उरलेली उद्या. तो उद्या आलाच नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बंद झाली, आकाशातून युद्ध सुरू झालं होतं. मिस गोव्याला गेल्या असं नंतर कुणाकडून तरी कळलं. माझ्यापुरती ती गोष्ट तिथेच संपली. पोर जिंकली, बाप बघतोय.

युद्ध म्हणजे आमच्याकडे भोंगा. भोंगा झाला की चौघांनी आतल्या खोलीत जायचं. बाबांनी खिडक्यांच्या फटींना खाकी टेप लावली होती, दाराखाली ओला टॉवेल. विषारी वायू सोडणार म्हणे. कंपनीने बाबांना मास्क दिला होता. एकच. कामगाराला एक, बायकामुलांचा कुठे हिशेब होता? बाबांनी तो आधी अम्माला घालून बघितला, मग बहिणीला, मग मला. माझ्या तोंडाला सैल झाला, रबराचा घाण वास येत होता. बाबांनी पट्टा घट्ट केला, पुन्हा सैल केला, आणि मास्क खिळ्याला अडकवला. नंतर भोंगा व्हायचा तेव्हा तो खिळ्यालाच असायचा. कुणी घालायचा ते ठरलंच नाही, म्हणून कुणीच घातला नाही.

अम्मा आणि आम्हा दोघींना भारतात पाठवायचं ठरलं. बाबा कफीलकडे गेले. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इकामा, म्हणजे राहायचा परवाना, आणि ज्याच्या कपाटात आपला पासपोर्ट. आमचा कफील प्लांटला माणसं पुरवायचा. बाबांनी त्याच्याकडे सुट्टी मागितली, बायकामुलांना घरी सोडून येतो म्हणाले. त्याने नाही म्हणून सांगितलं. निम्मी माणसं आधीच पळाली होती, फोरमन सोडला तर प्लांट कोण बघणार? बाबांनी पुन्हा विचारलं नाही. घरी येऊन अम्माला म्हणाले, तुम्ही तिघी निघा, मी आहे इथे, कंपनीने मास्क दिलाय, घाबरायचं काय त्यात. अम्मा तोंडात पदर कोंबून रडली. मला बाबांचा राग आला. इतका की जेवले नाही. दुसऱ्यांदा विचारायला काय जात होतं? पण बाबा तसेच. कुणी एकदा नाही म्हटलं की यांच्या लेखी विषय संपला.

मी ठरवलं, आपण जायचं. आता हसू येतं, पण तेव्हा अजिबात येत नव्हतं. बाबांना इथे सोडून गेलो तर ते परत दिसणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एकट्या मुलीला बाजारातून कफीलच्या ऑफिसपर्यंत कुणी जाऊ दिलं नसतं, म्हणून मुलाचा वेष हवा. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं मिसच्या गोष्टीतलं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

बाबा ड्यूटीवर होते. अम्मा शेजारणीकडे बॅगेचं कुलूप मागायला गेली होती. टेप कापायची कात्री खिडकीत पडली होती. तीच घेतली. टेपचा चिकटा लागून तिची पाती चिकट झाली होती, केस तुटायचे कमी आणि अडकायचे जास्त. गावाहून आणलेलं खोबरेल चोळून चोळून अम्माने वाढवलेली माझी वेणी, कमरेच्या खाली यायची. ती हातात आली तेव्हा चांगलीच जड लागली. मी ती उशीवर ठेवली. बाबांची पँट नाडीने बांधली, त्यांचा शर्ट घातला, कंपनीची टोपी कानापर्यंत ओढली आणि निघाले. बहिणीला दम दिला, बोललीस तर बघ. ती बिचारी उशीवरच्या वेणीकडेच बघत बसली होती.

कफीलच्या ऑफिसात टीव्हीवर बातम्या चालू होत्या. तो एकटाच होता, म्हातारा, हातात जपमाळ. मी शाळेत पाठ केलेल्या पुस्तकी अरबीत सलाम केला आणि बाबांच्या सुट्टीसाठी आलेय असं सांगितलं. तशी अरबी बाजारात कुणी बोलत नाही. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"तू मुलगा नाहीस," तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही.

"बापाने पाठवलं तुला?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

त्याने जपमाळेचे काही मणी सरकवले. मग शांतपणे समजावून सांगितलं. सुट्टीवर जाऊन परत यायचा शिक्का तो देणार नाही. एकाला दिला की सगळे मागतील, आणि गेलेला या दिवसांत परत येतो कशाला? द्यायचा तर कायमचा. कायमचं जायचं, इकामा रद्द, त्याच्याकडे परत यायचं नाही.

"खलास," तो म्हणाला. "चालेल?"

मी तेरा वर्षांची होते, पण सौदीत वाढले होते. कायमचा शिक्का म्हणजे काय ते आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. न कळून बोलले असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. बाबा जिवंत घरी येणार होते, पुढचं पुढे.

"चालेल," मी म्हटलं.

तो म्हणाला, बापाला तूच सांगायचं. मी हो म्हटलं. त्याने कपाटातून पासपोर्ट काढला आणि शिक्क्याची कामं करणाऱ्या माणसाला हाक मारली.

घरी आले तर अम्मा वेणी मांडीवर घेऊन बसलेली. तिने उठून माझ्या कानफटात मारली. मला वाईट वाटलं नाही, गोष्टीत तेही होतं. मग मला पोटाशी धरलं आणि माझ्या त्या कातरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. बाबा येतायत आपल्याबरोबर, असं मी सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. तिला बरं वाटलं होतं. ते मला कळलं.

बाबा ड्यूटीवरून आले. मी उभी राहून सगळं सांगितलं, कायमचा शिक्का हेही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गोष्टीतला बाप कसा बघत असेल, ते आता मला दिसणार होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. अम्माने वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली होती, तिचं टोक बाहेर आलं होतं. ते त्या टोकाकडे बघत होते.

"तुला कोणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

कोणी सांगणार होतं? मला काही आवाज-बिवाज ऐकू आला नव्हता. भोंगा तेवढा ऐकू यायचा, तो सगळ्यांनाच यायचा. मी म्हटलं, कोणी नाही. बाबा चप्पल घालून पुन्हा बाहेर पडले, कफीलकडे गेले असणार. शिक्का थांबवायला गेले की त्याचे आभार मानायला, ते मला आजवर कळलेलं नाही. परत आले आणि सामान बांधायला लागले.

जवळचा विमानतळ लष्कराकडे होता, म्हणून आम्ही बसने वाळवंट तुडवत जेद्दाला गेलो. तिथल्या अल अझीझिया भागात बाबांच्या ओळखीच्या एका घरी, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत मुक्काम केला. डोक्याला घट्ट ओढणी बांधून मी कोपऱ्यात बसून असायचे. यजमानीणबाईने विचारलं, मुलीचे केस टायफॉइडने गेले का? बाबा हो म्हणाले.

गावी पोचलो आणि थोड्याच आठवड्यांत युद्ध संपलं. प्लांटला ओरखडासुद्धा उठला नव्हता. जे थांबले होते ते सगळे धडधाकट राहिले. त्यांना बढत्या मिळाल्या, बाबांच्या जागी त्यांच्याच हाताखालचा एकजण फोरमन झाला. बाबांनी दुसरे कफील शोधून पाहिले. एजंट म्हणायचे, तुम्ही युद्धात निघून आलेले. मुंबईच्या फेऱ्या मारून ते थकले आणि नाक्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं. खिडक्यांच्या जाळ्या, बोटींचे नांगर, असली कामं.

तिकडे थांबलेले ते लोक उन्हाळ्यात सुट्टीवर आले, चांगल्या मोठ्या बॅगा-बोचकी घेऊन. बाबांना भेटायला आले. एकजण हसत म्हणाला, पोरगी कुठाय तुझी, आम्हालाही सोडव म्हणावं. सगळे हसले, बाबाही हसले. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसतं अम्माला म्हणायचे, हिला सांग पाणी आण. हिला सांग दुकानात डबा दे. मी समोर उभी असायचे. अम्माही मग माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायची, जसं काही मी बहिरी आहे. पुढे पुढे तिलाही सवय झाली. मला मात्र कधी झाली नाही. रोज वाटायचं, आज नावाने हाक मारतील. जेवण वाढताना मुद्दाम त्यांच्या ताटाशी रेंगाळायचे. कसलं काय.

गावच्या मराठी शाळेत नववीत इतिहासाच्या तासाला ती पोर मला पुन्हा भेटली. पुस्तकात मोजून दोन ओळी. सर पुढे निघाले होते, मी उभी राहिले आणि विचारलं, राज्याभिषेकानंतर तिचं काय झालं?

"जाळली तिला," सर म्हणाले. शत्रूच्या हाती सापडली. धर्माच्या न्यायालयात खटला चालला. तिच्यावर जे आरोप ठेवले त्यात पुरुषाचे कपडे घालते, हाही होता.

मी विचारलं, "आणि राजा?"

"राजाचं काय?"

"त्याने सोडवली नाही?"

"नाही. त्याने काहीच केलं नाही."

वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली होती. सर भले होते, मला बसवायचं म्हणून त्यांनी आणखी सांगितलं. पुढे शेकडो वर्षांनी तिच्याच धर्माच्या लोकांनी तिला संत केलं, आता तिच्या मूर्ती आहेत, देवळं आहेत. तेव्हा कळलं, मिस दाराकडे का बघायच्या; सौदीत दुसऱ्या धर्माच्या संताची गोष्ट वर्गात सांगायची सोय नव्हती. सरांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. राख झालेल्या पोरीला मूर्तीचं काय कौतुक?

दहावीला मला गावात सगळ्यांत जास्त मार्क पडले. कॉलेज रत्नागिरीला होतं. मी अम्माला पुढे करून विचारलं. बाबा ओट्यावर नांगर घासत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"हिला सांग, शिकली तेवढं पुष्कळ झालं. त्याचंच फळ खातोय."

फळ. माझं कपाळ. माझ्या बहिणीला मात्र शिकवलं, ती नर्स झाली. तिचा मला राग नाही, तिने काय केलं होतं? मला शिवणकाम शिकवलं आणि दोन वर्षांत लग्न लावून दिलं. पाठवणीच्या वेळी बाबांनी डोक्यावर हात ठेवला. केस पुन्हा कमरेपर्यंत वाढले होते. वाटलं, आता तरी बोलतील. त्यांनी अम्माला सांगितलं, हिला सांग, नीट राहा.

अम्मा गेली, बहीण परदेशात, मग बाबांकडे बघायला मीच माहेरी येऊन राहिले. मुलं मोठी झाली होती, नवऱ्याने आडकाठी केली नाही. अम्मा नसल्यामुळे बाबांना माझ्याशी बोलणं भाग पडलं. तेव्हा ते बरेच विसरायला लागले होते. चहा प्यायलो का, विचारायचे. दुकान उघडायचं राहिलं म्हणून उठायचे. दुकान विकून कित्येक वर्षं झाली होती. पण जुबैलची पाइपलाइन कुठून कुठे जाते ते हाताने हवेत काढून दाखवायचे.

मागच्या हिवाळ्यात गावातले दोघे जण भेटायला आले. सौदीला निघालेले, वेल्डर. बाबा जुने म्हणून सलाम करायला आले होते. बाबांची कळी खुलली. मी चहा घेऊन दारात आले तर माझंच नाव ऐकू आलं. बाबांच्या तोंडून. इतक्या वर्षांनी. मी तिथेच थांबले.

ते ती गोष्ट सांगत होते. युद्ध, भोंगा, मास्क, सगळं बरोबर. कफील कसा अडून बसला होता, आणि त्यांची पोर, एवढीशी, वाघिणीसारखी त्याच्यासमोर कशी उभी राहिली. फडाफडा अरबी बोलली, म्हणाले. कफीलला कापरं भरलं, म्हणाले. ते दोघे माझ्याकडे आदराने बघायला लागले, एकजण तर उठून उभा राहिला.

"मीच पाठवलं होतं तिला," बाबा म्हणाले. "म्हटलं जा, कापून टाक केस, घाबरू नको. बाप आहे ना पाठीशी."

हातातला ट्रे मी खाली ठेवला. मी तिरसट बाई. पाहुण्यांची भीड मी कशाला ठेवू?

"बाबा, तुम्ही पाठवलं नव्हतं मला."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. सरळ तोंडाकडे, आणि बराच वेळ. त्यांच्या डोळ्यांत लबाडी असती तर मी पुढचं सगळं बोलले असते. टायफॉइडपासून नांगरापर्यंत, सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिथे काहीच नव्हतं. ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना सापडत नव्हतं.

"मग?" ते घाबरून म्हणाले. "मग तुला कोणी सांगितलं होतं?"

प्रश्न तोच होता. पण त्या संध्याकाळचा माणूस आता त्यांच्यात राहिला नव्हता. जो माझं काही देणं लागत होता तो कधीच निघून गेला होता. मागे राहिला होता तो हा म्हातारा, आणि याला माझा अभिमान वाटत होता.

"तुम्हीच, बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांचा चेहरा उजळला. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, बघा, मी काय सांगत होतो. मग माझ्याकडे बघत राहिले, राज्याभिषेकाला आलेला तो बाप बघत असेल तसेच. आयुष्यभर मागितलेली ती नजर मला मिळाली, आणि मला ती नकोशी झाली. मी खाली बघून चहा ओतला. बाबांच्या कपात साखर जास्त लागते, ती घातली.